अडुळशाची कैफियत

महाराष्ट्रात अडुळसा मुद्दाम लावावा लागत नाही आणि लावलाच तर राखावा लागत नाही. कोकणातल्या वाडीच्या गडग्यापासून देशावरच्या मळ्याच्या कुंपणापर्यंत, जेथे दुसरे काही धड तग धरीत नाही अशा कडेच्या जागी तो उभा असतो. शेळीमेंढी त्याच्या वाटेस जात नाही, कीड त्याच्या पानांस सहसा लागत नाही, आणि कोयत्याने बुडखा राखून छाटला तरी पहिल्या पावसाबरोबर त्याला नवे धुमारे फुटतात. वीतभर लांबीची, भाल्याच्या पात्यासारखी निमुळती पाने, तुऱ्यांत दाटलेली आणि आतून जांभळट रेषा मिरविणारी पांढरी फुले, आणि चुरडलेल्या पानाचा तो उग्र, कडवट दर्प, एवढ्यावर कोणीही खेडवळ मूल त्याला ओळखते. असे असूनही वासा, वृष, आटरूषक, सिंहास्य अशा नावांनी संस्कृत वैद्यकात त्याची जी प्रतिष्ठा आहे ती भल्याभल्या वृक्षांच्या वाट्यास आलेली नाही. वासा हाताशी असता आणि आयुष्याची आशा शिल्लक असता रक्तपित्त, क्षय आणि कास ह्यांनी पीडलेल्या माणसाने खचून का जावे, अशा आशयाचे आश्वासन जुन्या वैद्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहे.

कुंपणावरचा हा अडुळसा आज बहुतेक नागर कुटुंबांना बाटलीतूनच भेटतो. वैद्याला नाडी दाखवावी लागत नाही, पाने आणावी लागत नाहीत, काढा आटवावा लागत नाही. औषधांच्या दुकानात जाऊन ‘खोकल्याचे द्या’ म्हटले की काम भागते. ही सोय म्हणावी की संकट, ह्याविषयी माझ्या परिचयाच्या दोन वृद्ध गृहस्थांमध्ये जो वाद झाला तो येथे जसाच्या तसा देण्याचा विचार आहे. दोघेही पुण्याच्या एकाच पेठेत राहणारे. एक परंपरेने आणि महाविद्यालयीन शिक्षणाने असे दोहों अंगांनी वैद्य. दुसरे डॉक्टर, ज्यांची सारी नोकरी सरकारी छाती-रुग्णालयात, त्यातही क्षयरोग्यांच्या सेवेत गेली. एकमेकांविषयीचा आदर इतका की ‘अहो-जाहो’ कधी सुटले नाही, आणि मतभेद इतका पक्का की तोही सुटला नाही. वादाला निमित्त झाला माझा खोकला. पडसे ओसरल्यावरही तो रेंगाळला होता आणि वैद्यबुवांनी माझ्यासाठी अडुळसा योजला होता. पुढील संभाषणात मी केवळ रुग्ण आणि श्रोता आहे.

डॉक्टर — वैद्यबुवा, ह्या गृहस्थांना तुम्ही अडुळसा देणार आणि आठ दिवसांनी हे तुमचे गुण गाणार, हे मी आजच लिहून देतो. परंतु ते गुणगान पुराव्यात धरता येणार नाही. पडशानंतरचा साधा खोकला सरासरीने सुमारे अडीच आठवडे टिकतो, असे पाहणी करणाऱ्यांनी दाखविले आहे. आणि तोच खोकला आठ-नऊ दिवसांत हटावा अशी लोकांची अपेक्षा असते. ह्या दोन मुदतींच्या मधल्या दिवसांवर खोकल्याच्या औषधांचा सारा बाजार चालतो. आठवडा उलटला की माणसाचा धीर सुटतो. मग कोणी काढा सांगतो, कोणी गोळी सांगतो, कोणी बाटली आणून देतो. आणि खोकला आपल्या मुदतीने गेला म्हणजे जे औषध शेवटी पोटात गेलेले असते त्याच्या खाती यश जमा होते. तुमच्या वासेची हजारो वर्षांची कीर्ती अशाच जमाखर्चातून वाढली नसेल कशावरून?

वैद्य — आक्षेप मला मान्य आहे. मात्र त्याचे समन्स एकट्या अडुळशावर बजावू नका. तुमच्या पक्षाची दुकानातली जी तांबडी-पिवळी सिरपे आहेत त्यांची तपासणी तुमच्याच कॉक्रेन संस्थेच्या पंडितांनी केली, आणि निष्कर्ष काय काढला? साध्या खोकल्यावर ही औषधे उपयोगी पडतात असाही भक्कम पुरावा नाही, आणि पडत नाहीत असाही नाही. म्हणजे ज्या बाकावर माझी वासा बसली आहे त्याच बाकावर तुमची सिरपेही आहेत. उलट, लहान मुलांच्या खोकल्यात मधाचे चाटण काहीच न देण्यापेक्षा बहुधा बरे, एवढे तरी त्याच पंडितांनी कबूल केले. आणि मध तर आमच्या घरचा.

डॉक्टर — मध मी नाकारीत नाही. फक्त एक वर्षाच्या आतील मुलाला तो चाटवू नये, कारण मधातून क्वचित असे जंतुबीज जाते की त्याने अर्भकाचे स्नायू लुळे पडतात. हे मी बालकांच्या आयांना सांगून थकलो, कारण बाळगुटीबरोबर मधाचे बोट ही आपल्याकडे रूढी आहे. पण तो विषय बाजूला ठेवू. वासेविषयी तुमच्यापाशी ग्रंथवचनाखेरीज काय आहे?

वैद्य — तुमचीच दप्तरे आहेत. लिनियसने १७५३ साली ह्या झुडपाला आपल्या सूचीत स्थान दिले ते केवळ नावापुरते म्हणा. परंतु १८८८ साली हूपर ह्या इंग्रज रसायनज्ञाने त्याच्या पानांतून व्हॅसिसीन नावाचे अल्कलॉइड वेगळे काढले, १९२४ साली सेन आणि घोष ह्या आपल्याच लोकांनी त्याचा पुढचा अभ्यास केला, आणि १९५९ साली अमीन आणि मेहता ह्यांनी ‘नेचर’मध्ये व्हॅसिसिनोन हे श्वासनलिका सैल करणारे द्रव्य त्यातून मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर व्हॅसिसीनच्याच घडणीवरून जर्मनीत ब्रोमहेक्झिन तयार झाले आणि १९६३ पासून ते बाजारात आहे. कफ पातळ करून सुटावा म्हणून तुम्ही लिहून देता ते अँब्रॉक्सॉल ह्याच ब्रोमहेक्झिनचे शरीरात होणारे रूपांतर. कुंपणावरची वासा जर्मनीस जाऊन, कोट घालून परत आली की तुम्ही तिला मानाने चिठ्ठीवर घेता. आणि माझ्या खलातली वासा मात्र अंधश्रद्धा!

डॉक्टर — हे वाक्य तुम्ही सभेत टाळ्यांसाठी ठेवा. माझ्यासमोर ते टिकणार नाही. ब्रोमहेक्झिन म्हणजे व्हॅसिसीन नव्हे. व्हॅसिसीनची रचना पाहून रसायनशाळेत तिच्यात फेरफार करून घडविलेला तो वेगळा पदार्थ आहे, आणि मुलगा वकील झाला म्हणून बापाला सनद मिळत नाही. दुसरे असे की, प्राण्याच्या श्वासनलिकेचा तुकडा द्रवात टांगून त्यावर द्रव्याचा थेंब टाकला आणि तो सैल पडला, एवढ्यावरून खोकणाऱ्या माणसाच्या छातीविषयी निकाल देता येत नाही. मात्रेचाही प्रश्न आहे. तुमच्या ग्रंथांत वासास्वरस दहा ते वीस मिलिलिटर द्यावा असे आता ठरविले आहे. परंतु पाने कोणत्या ऋतूतली, कोठल्या जमिनीतली, सावलीत सुकविलेली की उन्हात, ह्यावर त्यातील व्हॅसिसीनचे प्रमाण पालटते. शिवाय बाजारात वाळलेल्या पाल्यात महारुखाच्या पानांची भेसळ होते हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी नमूद केले आहे. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते मला ठाऊक असते; तुमच्या काढ्यात काय आहे ते तुम्हालाही ठाऊक नसते.

वैद्य — भेसळ करणाऱ्याला तुम्ही चोर म्हणा, मी दोन शिव्या अधिक घालीन. परंतु काढ्याविषयीच तुम्ही बोललात म्हणून सांगतो, वासेचा काढा हा मुळात तिचा उत्तम कल्पच नाही. वासेची पाने चिवट, त्यांत रस थोडा. तुळशीसारखी वाटून पिळली तर हाती चोथाच येतो. म्हणून शार्ङ्गधराने तिच्यासाठी पुटपाक सांगितला. ताजी, निबर नसलेली पाने धुऊन पाट्यावर वाटायची, त्यांचा घट्ट गोळा करायचा, त्यावर वडाची किंवा जांभळीची पाने गुंडाळून दोऱ्याने आवळायचे आणि वरून दोन बोटे जाडीचा चिखल लिंपायचा. मग हा गोळा गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवायचा; वरचा चिखल निखाऱ्यासारखा लाल झाला म्हणजे बाहेर काढायचा, सोसवेल इतका निवू द्यायचा, फोडायचा आणि आतला ऊन गोळा फडक्यातून पिळायचा. पानातले पाणी आतल्या आतच वाफ होऊन पानाला शिजविते, आणि ज्या पाल्यातून एरवी थेंब निघत नव्हता त्यातून हिरवाकाळा, दाट रस वाटीत उतरतो. तो निवल्यावरच त्यात मध घालायचा. कारण तापविलेला मध चरकाने निषिद्ध मानला आहे. वासावलेहातही रस, साखर, तूप आणि पिंपळी शिजवून झाल्यावर, अवलेह थंड होताना मध मिसळतात. आज घरोघर उकळत्या काढ्यात मधाची धार सोडणारे लोक स्वतःला आयुर्वेदाचे अभिमानी म्हणवितात, हे पाहून मला हसू येते.

डॉक्टर — कृती मोठी रसाळ आहे, आणि पानाला बंद कवचात शिजविण्यामागे विचार आहे हेही मी मानतो. पण कृतीच्या सूक्ष्मतेने परिणाम सिद्ध होत नाही.

वैद्य — परिणामाकडे येतो. पण आधी कोणाला द्यायचे हे ठरू द्या. आमच्याकडे खोकला एक नाही, पाच आहेत. वातज, पित्तज, कफज, छातीला इजा होऊन येणारा क्षतज, आणि धातू झिजून येणारा क्षयज. वासा रसाने कडू-तुरट आणि वीर्याने शीत. तेव्हा जेथे पिवळा, दाट कफ आहे, अंगात उष्मा आहे, थुंकीत रक्ताचा अंश आहे, तेथे तिचे काम. रात्री उठून बसविणारा, कोरडा, बरगड्या दुखविणारा, चार चमचे तूप पोटात गेल्यावर शमणारा जो वाताचा खोकला, त्याला एकटी वासा पाजणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणे आहे. तेथे ज्येष्ठमध, तूप, द्राक्षे ह्यांची योजना करावी लागते. मुलांना बहुधा सितोपलादी चूर्ण पुरते: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन, दालचिनी एक. ह्या गृहस्थांना मी वासा योजिली ती ह्यांचा कफ पाहून, ह्यांची जीभ पाहून. ह्यांच्या शेजाऱ्यालाही खोकला आहे, आणि त्याला मी ती देणार नाही.

डॉक्टर — थांबा, वैद्यबुवा. म्हणजे ‘खोकला आला, अडुळसा घ्या’ हा जो घरोघरचा नियम आहे तो तुमच्याच शास्त्राने अर्धा बाद ठरतो?

वैद्य — अर्ध्याहून अधिक. बाटलीवर सर्व प्रकारच्या खोकल्यांवर गुणकारी असे छापलेले मी वाचतो तेव्हा ते लिहिणाऱ्याला चरकाच्या कासचिकित्सेची ओळख नाही एवढे मला कळते.

डॉक्टर — मग आता माझी फिर्याद ऐका, आणि तीच खरी फिर्याद आहे. आतापर्यंतचे बोलणे प्रास्ताविक होते. माझ्या रुग्णालयात थुंकीतून रक्त पडू लागल्यावर जे लोक येत, त्यांना मी नियमाने विचारीत असे की ह्याआधी काय केले. कित्येकांचे उत्तर एकच असे: अडुळसा चालू होता. त्या काळात फुप्फुसात पोकळी पडलेली असे आणि घरातल्या पोराबाळांना संसर्ग झालेला असे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला की थुंकी तपासून घ्यावी, हा आज आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखविला आणि १९४४ साली स्ट्रेप्टोमायसीन जगापुढे आले. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर हेही दाखविले की, गोळ्या नेमाने घेतल्या तर दाटीच्या, गरीब घरात राहणारा रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. वासेच्या आश्वासनाचा जो श्लोक तुम्ही लोक प्रेमाने म्हणता, तो रचला गेला तेव्हा क्षय्याला दुसरा आधारच नव्हता; आज तो श्लोक रोग्याचे दोन-तीन मोलाचे महिने खातो. वनस्पतीवर माझा राग नाही. तिच्या भरवशावर माणूस तपासणीला येत नाही, ह्यावर आहे.

वैद्य — ह्या फिर्यादीतली घटना मी नाकबूल करीत नाही. आरोपी कोण, एवढ्यापुरता माझा उजर आहे. आमच्या शास्त्राने रोगाचे साध्य, याप्य आणि असाध्य असे वर्ग केले, आणि क्षीण झालेल्या माणसाचा क्षयज कास देहाचा नाश करतो, बलवानाच्या बाबतीत तो फार तर आटोक्यात राहतो, हे स्पष्ट लिहून ठेविले. वैद्याने रोग्याचा हात धरला की त्याने प्रथम हे ठरवायचे. तुमच्या त्या रोग्यांपैकी कितीजणांना वैद्याने तपासले होते? बहुतेकांनी स्वतःच स्वतःला तपासले, दुकानदाराने दुजोरा दिला आणि बाटली घरी आली. १९६४ साली औषधविषयक कायद्यात आयुर्वेदीय औषधांचे प्रकरण घालण्यात आले, ठरावीक ग्रंथांतील योग बनविणाऱ्यास परवाने मिळू लागले. ग्रंथोक्त योग असला की रोग्यांवरच्या चाचण्यांचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही, आणि विकताना वैद्याची चिठ्ठीही लागत नाही. ग्रंथातला योग बाटलीत उतरला. त्या योगाच्या आधी ग्रंथात जे निदान सांगितले आहे ते मात्र बाहेरच राहिले. आणि दुसरी बाजूही ऐका: थुंकी तपासायची म्हणजे मजुराचा एक दिवस बुडतो, रांग लावावी लागते, आणि ‘टीबी’ हा शब्द गावात पसरला तर मुलीचे लग्न अडते. ह्या भीतीला अडुळशाच्या बाटलीचा आडोसा सोयीचा पडतो. तो आडोसा काढलात तर माणूस दुसरा शोधील.

डॉक्टर — भीतीचा मुद्दा खरा आहे, आणि त्याचा दोष आम्हा सरकारी डॉक्टरांकडेही येतो. आमची रुग्णालये माणसाला आत ओढण्यापेक्षा बाहेर लोटण्यात अधिक कुशल होती. परंतु बाटलीविषयी अजून एक कलम आहे. वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी, ही समजूत. जम्मूच्या प्रादेशिक संशोधनशाळेत अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॅसिसीनचा अभ्यास केला तेव्हा ते गर्भाशयाला आकुंचन देते असे आढळले. १९८० साली त्यांनी ते ग्रंथरूपाने मांडले. आता एखादी गर्भवती ‘डॉक्टरी औषध नको, साधा अडुळसा बरा’ असे म्हणून बाटली आणते, तेव्हा तिला थांबवायला तेथे कोण असतो?

वैद्य — जम्मूने जे दाखविले ते आमच्या सुइणींना अपरिचित नव्हते. सुखप्रसूतीसाठी आटरूषकाच्या मुळाचा लेप जुन्या ग्रंथांत सांगितलेलाच आहे. म्हणूनच गर्भिणीच्या खोकल्यात मी वासेला हात लावीत नाही. मधुमेह्याला अवलेह देत नाही, कारण त्यात साखर भरपूर. दारूची सवय सोडलेल्या माणसाला वासकासव देत नाही, कारण आसवात आंबताना मद्यार्क आपोआप तयार होतो. हे सारे मी विचारतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, तेथे कोणीही नसतो. आणि ह्याच कारणामुळे मी त्या बाटलीचा तुमच्याइतकाच वैरी आहे. पण न्यायाने वागा. १९३७ साली अमेरिकेत एका पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल वापरल्याने शंभरावर माणसे दगावली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच विष ग्लिसरिनमधून रोग्यांच्या पोटात गेले, चौदा जण मेले आणि न्यायमूर्ती लेंटिन ह्यांना चौकशी करावी लागली. २०२२ साली गँबियात आपल्या देशातून गेलेल्या खोकल्याच्या सिरपांमुळे लहान मुले दगावल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेला द्यावा लागला. ही पातके वनस्पतींच्या खाती नाहीत.

डॉक्टर — नाहीत; आणि त्यांतून मी एकच निष्कर्ष काढतो की खोकल्याचे गोड पातळ औषध, ते कोणत्याही पंथाचे असो, तपासणीवाचून विकले जाऊ नये. इथवर आपण एकत्र आलो. मात्र मूळ प्रश्न अजून अनिर्णीत आहे. योग्य माणसाला, योग्य खोकल्यात, तुमच्या पुटपाकाने काढलेला शुद्ध रस दिला, तर तो गुण देतो की नाही? तुम्ही म्हणता, देतो. मी म्हणतो, ठाऊक नाही. हे ठरविण्याचा मार्ग आहे. स्ट्रेप्टोमायसीन आले तेव्हा इंग्लंडात ते फार थोडे उपलब्ध होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनी पंचावन्न रोग्यांना औषध आणि विश्रांती मिळाली, बावन्न जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार दगावले, दुसऱ्यातले चौदा. ध्यानात घ्या की नुसत्या विश्रांतीनेही काहीजण चांगले सुधारले होते. त्यांना त्या काळी कोणी काही पाजले असते तर त्याचाच जयजयकार झाला असता. अशीच चाचणी वासेची करा. शे-दोनशे खोकणारी माणसे घ्या, चिठ्ठ्या टाका, अर्ध्यांना वासा द्या.

वैद्य — आणि येथेच मी तुमच्याशी भांडतो. असल्या चाचण्यांत तुम्ही खोकला म्हटला की सगळे एका रांगेत उभे करणार. त्यांत वाताचा कोरडा खोकलाही येणार, क्षतजही येणार, आणि वासा ज्यांच्यासाठी सांगितलेलीच नाही त्यांना ती पाजून तुम्ही जाहीर करणार की सरासरीने फरक दिसला नाही. जी चिकित्सा कोणताही वैद्य करीत नाही तिची परीक्षा घेऊन वैद्यकाला नापास करण्याचा हा प्रकार आहे. एकेका प्रकृतीप्रमाणे योजना बदलणे हा ज्या शास्त्राचा प्राण आहे, त्याला चिठ्ठीच्या गणितात बसविता येत नाही.

डॉक्टर — येत नाही असे म्हणून तुम्ही सुटाल, पण मी सोडणार नाही. क्रम बदला. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक खोकणाऱ्याला आधी तुम्ही तपासा. नाडी पाहा, जीभ पाहा, कफ पाहा. ज्यांना तुम्ही एरवी वासाच दिली असती तेवढेच निवडा आणि बाकीच्यांना आपल्या रीतीने औषध देऊन घरी पाठवा. निवडलेल्यांची थुंकी आणि छाती मी तपासतो. क्षयाचा किंवा न्यूमोनियाचा संशय असलेले माझ्याकडे येतील, गर्भवती वगळल्या जातील. जे उरतील ते तुमच्या शास्त्राने वासेचे खरे अधिकारी. आता त्यांच्यात चिठ्ठी टाकू: अर्ध्यांना वासारस, अर्ध्यांना तसाच दिसणारा, तसाच कडू, पण वासेवाचूनचा रस. खोकला कोणत्या दिवशी थांबला, रात्री झोप किती लागली, हे नोंदविणाऱ्यास कोणाला काय मिळाले ते कळणार नाही. निदान तुमचे, चिठ्ठी माझी. आता सांगा, ह्यात तुमच्या शास्त्राचा कोणता प्राण जातो?

वैद्यबुवा काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी एक अट घातली आणि एक शंका काढली. अट अशी की, रस ताज्या पानांचा, त्यांच्या देखरेखीखाली काढलेला असावा आणि त्यातील व्हॅसिसीनचे प्रमाण दर खेपेस रसायनशाळेने मोजावे. ही अट डॉक्टरांनी जागच्या जागी मान्य केली, कारण ती त्यांच्याच आक्षेपातून निघाली होती. शंका मात्र अवघड होती. एकाच रोग्याला तपासून दोन वैद्य एकच निदान करतील काय? दोघांपैकी एक पित्तज म्हणाला आणि दुसरा कफज, तर चिठ्ठी टाकण्याआधीच पाया खचला. ही शंका आपल्याच पक्षाला अडचणीची आहे हे जाणून त्यांनी ती काढली, आणि डॉक्टरांनी म्हटले की तर मग पहिली पाहणी हीच करावी: तेच रोगी, निरनिराळे वैद्य, एकमेकांशी न बोलता लिहिलेली निदाने; क्ष-किरणांचे चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांतही असे मतभेद निघतात आणि ते मोजण्याचीच रीत पडली आहे, तेव्हा ह्यात वैद्यांना कमीपणा नाही.

मतभेद संपला असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांचा कल अजूनही असा की चाचणीत फरक दिसणार नाही. वैद्यबुवांचा विश्वास असा की दिसेल, आणि न दिसला तर दोष निदानात शोधावा लागेल, वासेत नव्हे. परंतु दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट मला जितकी स्पष्ट झाली तितकी दोघांपैकी एकट्याच्या बोलण्यातून झाली नसती. औषधाच्या आधी कोणी तरी माणसाकडे पाहिले पाहिजे, ह्यावर त्यांचा एकमताने भर होता, आणि आपण नागरिकांनी मोडीत काढली ती नेमकी हीच पायरी. खोकला किती दिवसांचा, थुंकीत रक्त आहे काय, संध्याकाळी बारीक ताप येतो काय, वजन उतरते आहे काय, घेणारी बाई गर्भवती आहे काय, एवढे पाच प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. पैकी पहिल्याचे उत्तर दोन आठवड्यांहून अधिक असेल, किंवा पुढल्या चारांतील एकाचेही होकारार्थी असेल, तर काढा आणि बाटली दोन्ही खाली ठेवून तपासणीस जाणे, हे वैद्यबुवांनीही निःशंकपणे सांगितले.

राहिला खर्चाचा प्रश्न. अशी चाचणी करणार कोण? वासेच्या पानावर कोणाची मालकी नाही, म्हणून तिच्यावर पैसा घालण्यात कोणा कारखानदाराचा स्वार्थ नाही. बाटली विकणाऱ्याला चाचणीवाचूनच गिऱ्हाईक मिळते, तेव्हा त्याला तर मुळीच नाही. जी वस्तू सर्वांची आहे तिची परीक्षा सर्वांच्या पैशाने व्हावी, म्हणजेच सरकारी तिजोरीतून व्हावी, हा न्याय आहे. आयुर्वेदाच्या गौरवासाठी परिषदा, भाषणे आणि उद्घाटने ह्यांवर जो खर्च दरसाल होतो त्यातला एखादा हप्ता तालुक्याच्या चार दवाखान्यांत, चार वैद्य आणि चार डॉक्टर एकत्र बसवून, ह्या एका कुंपणाच्या झुडपावर लावला, तर निकाल कोणताही लागो, गौरवाला त्याने बाध येणार नाही. आणि रोग्याला आपण काय पितो आहोत ते निदान कळेल.